एक वर्ष, एक मिलिमीटर

वीस हजार

खीचनमध्ये पक्षी दिसायच्या आधी ऐकू येतात. जानेवारीतली पहाट, अंगावर दोन स्वेटर, हातात वाफाळता चहा, आणि अंधारातून कुठूनतरी ‘कुर्र… कुर्र…’ असा आवाज. आधी एकच. मग दहा. मग इतके, की त्यातला एक वेगळा काढणं अशक्य. मारवाडात त्यांना कुरजां म्हणतात. मराठीत हा कांड्या करकोचा.

तांबडं फुटलं तशी क्षितिजावर एक काळी रेघ उमटली. रेघेचे तुकडे झाले, तुकड्यांच्या माळा झाल्या आणि माळा आमच्या डोक्यावरून गावाकडे सरकू लागल्या. राजस्थानातल्या फलोदीजवळचं हे छोटं गाव. गावाच्या कडेला कुंपण घातलेलं मोकळं आवार आहे, त्याला चुग्गाघर म्हणतात. पक्षी यायच्या आधीच तिथे धान्य पसरून ठेवलेलं असतं. पहिला थवा आवारावर दोन घिरट्या घालून उतरला. राखाडी अंग, काळी मान, लाल डोळा, डोळ्यामागून मानेवर रुळणारा पांढरा तुरा. जेमतेम तीन फूट उंची. जगातल्या सगळ्या क्रौंचांत सगळ्यात लहान हाच.

माझ्यासोबत मावशी होती. तिने पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे. तिने हात सरळ समोर धरला, मूठ वळली आणि मुठीएवढ्या आकाशात किती पक्षी येतात ते मोजलं. मग थव्यात अशा किती मुठी बसतात ते मोजलं. असं तासभर चाललं. शेवटी पिशवीतली डायरी काढून तिने लिहिलं : ‘कुरजां, साडेसात हजार. शे-दोनशे इकडेतिकडे.’

“एवढे पक्षी होतील का गं?” मी विचारलं.

“अगं, हे नुसते आपल्याला दिसले ते. तळ्यावरचे धरलेच नाहीत.”

हंगाम भरात असतो तेव्हा खीचनमध्ये वीस हजारांहून जास्त कुरजां येतात. एकेकाचं वजन दोन ते तीन किलो. म्हणजे वीस हजार पक्ष्यांचं मिळून झालं पन्नास टन. दहा टनांचे पाच भरलेले ट्रक आकाशातून गावावर उतरावेत आणि जमीन जराही हादरू नये, असं हे दृश्य.

हे वजन येतं कुठून? मंगोलिया आणि मध्य आशियातल्या गवताळ मैदानांतून, हजारो किलोमीटर उडून. वाटेत हिमालय आडवा येतो. तो ओलांडताना हे पक्षी पाच ते आठ हजार मीटर उंचीवरून जातात. आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. त्याच्यावर दुसरं, तिसरं, चौथं कळसूबाई रचलं तरी उंची भरते ६,५८४ मीटर. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. आपण तिथे चार पावलं चाललो तरी धाप लागेल. अडीच किलोचा हा जीव तिथे पंख मारत राहतो, आणि वर सोनेरी गरुड टपून असतात.

१९७०च्या दशकात इथल्या एका जैन घरात कबुतरांना दाणे घालायचा नेम होता. एका हिवाळ्यात कबुतरांमध्ये बोटांवर मोजण्याइतक्या कुरजां येऊन बसल्या. घरच्यांनी त्यांना हाकललं नाही, मूठभर दाणे जास्त टाकले. पुढच्या वर्षी जास्त पक्षी आले, गावही त्या कामात उतरलं, मुठीची पोती झाली. जून २०२५मध्ये खीचनचा रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत, समावेश झाला. वाळवंटातलं गाव पाणथळ जागा म्हणून जगाच्या नकाशावर आलं, त्याच्या मुळाशी ते मूठभर दाणे आहेत.

नऊशे चव्वेचाळीस

नऊच्या सुमाराला निघालो. दिवसभरात फलोदी, रामदेवरा, पोखरण, जैसलमेर असं करत अकलला पोचायचं, आणि सूर्य मावळायच्या आत मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात. खीचनपासून अकलपर्यंतचा रस्ता साधारण १८० किलोमीटर, थोडा जास्तच. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

फलोदी गाव मागे पडलं. १९ मे २०१६ रोजी इथे पारा ५१ अंशांवर गेला होता. भारतात तेव्हापर्यंत इतकं तापमान कधी नोंदलं गेलं नव्हतं. आणि आज सकाळी गाडीच्या काचेवरचं दव पुसायला ड्रायव्हर काकांना फडकं घ्यावं लागलं. इथल्या झुडपाला एकाच वर्षात हे दोन्ही सोसावं लागतं.

झुडपं ओळखायला काकांनी मदत केली. रुई आपल्या ओळखीची, तिला इथे आक म्हणतात. फोगाची झुडपं वाळूच्या टेकाडांना धरून बसलेली. केराच्या झुडपाला तर पानं जवळजवळ नसतातच. पान म्हटलं की पाणी उडून जातं, म्हणून अन्न शिजवायचं काम हिरव्या फांद्यांकडे. “बाईसा, यहाँ पत्ता भी सोच के निकलता है,” काका म्हणाले. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकाला जे सांगायला पान लागतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

विचार करावाच लागतो, कारण जैसलमेरच्या भागात वर्षभरात पाऊस पडतो दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर. पश्चिमेकडे तर शंभरच. हा आकडा मनात बसावा म्हणून आपल्या ओळखीचा एक आकडा घेऊ. २६ जुलै २००५. मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपण तो दिवस छातीएवढ्या पाण्यात काढला किंवा घरच्यांची वाट बघत काढला. जैसलमेरला तेवढा पाऊस पडायला जवळपास पाच वर्षं लागतात.

जागेचा हिशोब याच्या उलट. जैसलमेर जिल्ह्याचं क्षेत्रफळ ३८,४०१ चौरस किलोमीटर. आपला क्षेत्रफळाने सगळ्यात मोठा जिल्हा अहिल्यानगर, १७,०४८. असे दोन अहिल्यानगर जैसलमेरमध्ये ठेवले तरी चार हजारांवर चौरस किलोमीटर उरतात. संपूर्ण केरळ राज्य ३८,८६३ चौरस किलोमीटरचं, म्हणजे जवळपास जैसलमेर जिल्ह्याएवढंच. २०११च्या जनगणनेत केरळात माणसं होती ३ कोटी ३४ लाख आणि जैसलमेर जिल्ह्यात ६ लाख ७० हजार. एक चौरस किलोमीटरमागे तिकडे ८६०, इकडे १७. आमच्या डब्यातल्या दशम्या सतरा होत्या. मावशीने त्या मोजून समोर धरल्या आणि खिडकीबाहेर बोट केलं, “हे बघ, एवढी माणसं, आणि हे सगळं.”

पाच

पोखरण ओलांडून काही अंतरावर आम्ही एका ढाणीवर थांबलो. ढाणी म्हणजे शेतातली वस्ती. शेणाने सारवलेलं अंगण, दोन गोल झोपडे, एक पक्की खोली आणि अंगणाच्या टोकाला टांका. काकांच्या ओळखीचं बिष्णोई कुटुंब. घरातल्या आजींना सगळे दादीसा म्हणत होते. आम्हीही तेच म्हणू लागलो.

जेवण चुलीवर होत आलं होतं. दादीसांनी पितळेच्या थाळीत आधी सोगरा ठेवला. सोगरा म्हणजे आपली बाजरीचीच भाकरी, पण दुप्पट जाड. तिला बोटांनी खळगे पाडून त्यात तूप सोडलं. बाजूला काचरीची लाल चटणी, वाडग्यात कढी, आणि मधोमध पंचकुटा.

पंचकुटा म्हणजे पाच कोरड्या जिनसांची भाजी. केर, सांगरी, कुमट, गुंदा आणि लाल मिरची. काही घरांत मिरचीच्या जागी आमचूर धरतात. यातला गुंदा बघून मावशी हरखली, “अगं, हे तर भोकर!” आपण ज्याचं लोणचं घालतो तेच. पण दादीसांनी एकेक जिन्नस तळहातावर ठेवून दाखवला तेव्हा कळलं, की मिरची सोडली तर या पाचांतला एकही पेरलेला नाही. केर झुडपाचं फळ. सांगरी खेजडीची शेंग. कुमट एका बाभूळवर्गी झाडाचं बी, चपटं, तपकिरी, बटणासारखं. सगळं माळावरून गोळा केलेलं.

केर ताजं खाल्लं तर तोंड कडू होतं. ते मडक्यात मिठाच्या ताकात किंवा पाण्यात काही दिवस मुरवायचं, कडूपणा गेला की उन्हात वाळवायचं. सांगरीची कोवळी शेंग उकडून वाळवायची. वाळली की ती काळपट, वळलेल्या दोरीच्या तुकड्यासारखी दिसते. करायच्या आदल्या रात्री सगळं भिजत घालायचं, सकाळी उकडायचं आणि तेलात लाल मिरची, धणे, हळद घालून परतायचं. पाण्याचा अंश कमी आणि तेल-मसाला सढळ, म्हणून ही भाजी प्रवासात दिवसच्या दिवस टिकते. वाळवलेल्या जिनसा तर वर्षानुवर्षं. भाजीपाला न पिकणाऱ्या मुलखाने ५१ अंशांच्या उन्हालाच कामाला लावून आपलं कोठार भरलं आहे. पहिला घास आंबटसर, मग तुरट, मग धुरकट, आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारी मिरची. मी तीनदा वाढून घेतलं.

हात धुवायला पाणी दादीसांनी तांब्यातून बारीक धारेने घातलं. पाणी टांक्यातलं. टांका म्हणजे जमिनीखालची झाकलेली टाकी आणि भोवतालची उतरती, चोपून घट्ट केलेली जमीन म्हणजे आगोर. आगोरावरचा पाऊस घरंगळत टाकीत जातो. मावशीने पावलांनी आगोर मोजलं, वीस बाय वीस मीटरच्या आसपास. आणि तिथेच उभ्याने गणित मांडलं.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. चारशे चौरस मीटरवर वर्षाचे दीडशे मिलिमीटर धरले तर साठ हजार लिटर. निम्मं जमिनीत मुरलं, उडून गेलं, तरी तीस हजार. माणशी रोजचं प्यायला आणि स्वयंपाकाला दहा लिटर धरलं, तर वर्षाला ३,६५० लिटर. तीस हजारांत आठ माणसांचं वर्ष निघतं. “तुम्ही घरात किती माणसं?” मावशीने विचारलं. दादीसांनी बोटांवर मोजलं. सात माणसं आणि एक पाहुणा नेहमी धरलेला.

तेवढ्याच चारशे चौरस मीटरवर २६ जुलै २००५ रोजी मुंबईत एका दिवसात पावणेचार लाख लिटरहून जास्त पाणी पडलं होतं. ते बहुतेक वाहून समुद्रात गेलं.

तीनशे त्रेसष्ट

ढाणीच्या मागे शेतात खेजडीचं झाड होतं. ते बघून मावशीने हात जोडले. खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती. आपल्याकडे ती देवळाच्या आवारात एखादी दिसते, इथे शेताशेतात उभी असते. १९८३पासून राजस्थानचा राज्यवृक्ष आहे.

वर बघितलं तर झाड चारपाच माणसांच्या उंचीचं. खरं झाड खाली आहे. खेजडीचं सोटमूळ पाण्याच्या शोधात तीस मीटरहून खोल जातं. दहा मजली इमारत उलटी करून जमिनीत पुरावी तेवढं. म्हणून मे महिन्यात, सगळं करपलेलं असताना, खेजडीला नवी पालवी फुटते आणि सांगरी धरते. तिची पानं उंटांना, शेळ्यांना चारा. मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत आणतात, म्हणून तिच्या सावलीतलीही बाजरी जोमदार येते. दुष्काळात माणसांनी तिची साल दळून पिठात मिसळून खाल्ल्याच्या आठवणी या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

या झाडासाठी माणसांनी काय दिलं तेही आकड्यातच सांगतात. १७३०मध्ये जोधपूरचे महाराज अभयसिंह यांच्या महालाच्या कामाला लाकूड हवं होतं. जोधपूरजवळच्या खेजडली गावात खेजडीची झाडं दाट होती. माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. अमृतादेवी या बिष्णोई बाईंनी झाडाला मिठी मारली. कुऱ्हाड आधी त्यांच्यावर पडली, मग त्यांच्या मुलींवर. बातमी पसरली तसे आसपासच्या गावांतून बिष्णोई येत गेले, झाडाला मिठी मारत गेले आणि मरत गेले. महाराजांनी तोड थांबवली तोवर ३६३ जण गेले होते.

३६३. वर्षाच्या दिवसांपेक्षा फक्त दोन कमी. मी ज्या खेजडीखाली उभी होते तिला रोज एक माणूस येऊन मिठी मारेल, तर हा आकडा पुरा व्हायला जवळपास एक वर्ष लागेल. तिथे ते एका प्रसंगात घडलं.

गुरू जांभेश्वरांनी १४८५मध्ये हा पंथ स्थापला. त्याचे नियम एकोणतीस, वीस आणि नऊ, म्हणून बिष्णोई. हिरवं झाड तोडायचं नाही आणि जिवांवर दया करायची, हे त्यांतले दोन. दादीसांच्या कुंपणापासून पन्नास पावलांवर तीन चिंकारा चरत होते. आम्ही बोलत होतो, भांडी वाजत होती, पण त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. जवळपास साडेपाच शतकं पाळलेल्या नियमाचा परिणाम चिंकाराच्या वागण्यात दिसतो.

निघताना दादीसा एवढंच म्हणाल्या, की आता सोलरवाले येतात, खेजडी जाते. हा प्रश्न साधा नाही. फलोदीजवळचं भडला सोलर पार्क २,२४५ मेगावॉटचं आहे, आपल्या कोयनेच्या १,९६० मेगावॉटपेक्षा मोठं, आणि त्याने चौदा हजार एकर व्यापले आहेत. धूर न सोडणारी वीज देशाला हवीच आहे. पण तीस मीटर मूळ घातलेलं झाड काढून त्याच्या जागी रोप लावलं, की कागदावर हिशोब जुळतो आणि जमिनीत जुळत नाही. त्यासाठी इथली माणसं आजही रस्त्यावर उतरतात, आणि माझं मन त्यांच्या बाजूला आहे.

अठरा कोटी

जैसलमेरपासून सतरा किलोमीटरवर, बाडमेरच्या रस्त्याला, अकलचं जीवाश्म उद्यान आहे. एकवीस हेक्टर ओसाड, खडकाळ उतार आणि त्यात ठिकठिकाणी लोखंडी जाळीचे पिंजरे, वर पत्र्याचं छप्पर. पिंजऱ्यात प्राणी नाहीत. आडवे पडलेले ओंडके आहेत.

पहिल्या पिंजऱ्याशी वाकले. तांबूस तपकिरी ओंडका. साल उललेली, धारा स्पष्ट, एका जागी फांदी फुटायची गाठ. कुणी गेल्या वर्षी तोडून इथे विसरला असावा, इतका ताजा. पण हा दगड आहे. नदीच्या गाळात गाडलं गेलेलं झाड, ज्याच्या पेशीपेशीत पाण्याबरोबर खनिज शिरलं आणि लाकडाची जागा दगडाने घेतली. असे पंचवीसएक ओंडके इथे आहेत. वय अठरा कोटी वर्षं.

अठरा कोटी म्हटलं की आपण मान हलवतो आणि डोक्याला काही कळलेलं नसतं. अठरा कोटी आणि अठरा लाख ऐकताना सारखेच लांब वाटतात. म्हणून सकाळचा तो आकडा आता काढू. खीचनपासून अकलपर्यंत आम्ही साधारण १८० किलोमीटर आलो. १८० किलोमीटर म्हणजे बरोबर अठरा कोटी मिलिमीटर. प्रत्येक वर्षाला एक मिलिमीटर द्या. खीचनचं चुग्गाघर म्हणजे आज. अकलचा हा ओंडका म्हणजे अठरा कोटी वर्षांपूर्वी. आता सगळा प्रवास पुन्हा करा, या वेळी घड्याळाऐवजी पट्टी घेऊन.

चुग्गाघराच्या दारातून निघालात की ३५ सेंटिमीटरवर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक. वाकून हात लावता येईल इतका जवळ. ८७ सेंटिमीटरवर जैसलमेर शहराची स्थापना, ११५६. ते सोनेरी दगडांचं प्राचीन शहर एका पावलाच्या अंतरात आलं. दहा मीटरवर माणूस शेती शिकतो. तीनशे मीटरवर आपली जात, आजचा माणूस, पृथ्वीवर पहिल्यांदा दिसतो. तीनशे मीटर म्हणजे आपण अजून खीचन गाव सोडलेलं नाही.

आणि त्यापुढे रस्ताच रस्ता. फलोदी येतं, जातं. माणूस नाही. रामदेवरा येतं, जातं. माणूस नाही. ६६ किलोमीटर झाले, पोखरणचा परिसर आला, आणि इथे कुठेतरी दख्खनच्या पठारावर लाव्हा ओतला जातोय, ज्या थरांतून आपला सह्याद्री घडायचा आहे. राजगड, हरिश्चंद्रगड, वेरूळची लेणी ज्या काळ्या पाषाणाची, तो पाषाण पोखरणपाशी जन्मतो. आपण ‘सह्याद्रीइतकं जुनं’ असं अभिमानाने म्हणतो. अकल तिथून अजून एकशेचौदा किलोमीटर पुढे आहे.

जैसलमेर मागे पडलं की १६७ किलोमीटरचा दगड. याच जिल्ह्यात सापडलेल्या डायनासोरचं हे वय, १६ कोटी ७० लाख वर्षं. रुरकीच्या आयआयटीतल्या आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या शास्त्रज्ञांनी २०२३मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि थर वाळवंटाच्या नावावरून त्याला ‘थारोसॉरस’ असं नाव दिलं. तो इथे फिरत होता तेव्हा समुद्र याच भागात होता. जैसलमेरच्या आसपासच्या खडकांत आजही समुद्री शंखांचे ठसे निघतात.

मग शेवटचे तेरा किलोमीटर, आणि आपण या पिंजऱ्याशी. जिथे आज वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे दमट हवेतलं उंच झाडांचं रान होतं आणि त्यांना वाहून नेण्याइतकं पाणी असलेली नदी होती.

मावशीने जाळीतून बोट घालून ओंडक्याला हलकेच टेकवलं. “म्हणजे हे जंगल वाळवंट झालं त्यात आपला काही हात नाही,” ती म्हणाली. “पण राहिलेलं आपल्या हातात आहे.”

दीडशे

मरुभूमी राष्ट्रीय उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचं. बृहन्मुंबईसारखी पाच शहरं मावतील एवढं. सुदासरीच्या भागात पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते आणि सेवण गवताच्या पिवळ्या झुपक्यांवर ऊन तिरपं झालं होतं. शंभर मिलिमीटर पावसावरही तग धरणारं हे गवत. त्याच्या मुळांनी वाळू बांधून ठेवली आहे.

पखुर्ड्यांचा थवा पाण्याकडे गेला. पखुर्डीचा नर पोटाची पिसं पाण्यात बुडवून पिल्लांसाठी पाणी नेतो. आफ्रिकेतल्या पखुर्ड्यांवर मोजमाप झालं आहे : एका खेपेला सुमारे २५ मिलिलिटर. पाच चमचे. तेवढ्यासाठी बापाचं वीस-वीस किलोमीटर उडणं. दादीसांच्या तांब्याची ती बारीक धार मला आठवली.

आम्ही आलो होतो माळढोकासाठी. नावातच माळ असलेला हा पक्षी एकेकाळी सोलापूर-नगरच्या माळांवर होता. त्याच्यासाठी १९७९मध्ये सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य झालं. आज महाराष्ट्रात एखादा दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. १९६९च्या अंदाजानुसार देशात माळढोक होते साधारण १,२६०. आता दीडशेच्या आसपास, आणि त्यातले बहुतेक याच थरमध्ये.

कारणं माहीत आहेत. आधी शिकार, मग माळरानांचं जाणं, मग तारा. माळढोकाचा नर पंधरा किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या पक्ष्यांतला एक सगळ्यात जड. डोळे बाजूला असल्याने समोरची तार त्याला उशिरा दिसते आणि दिसल्यावर एवढं वजन वळवता येत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानुसार थरमधल्या ४,२०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात वीजवाहिन्यांमुळे दरवर्षी सगळ्या जातींचे मिळून सुमारे ८४,००० पक्षी मरतात. रोजचे दोनशेतीस. आम्ही ढाणीवर जेवून, अकल बघून इथे पोचेपर्यंतच्या चार-पाच तासांत चाळीसेक.

आणि मादी एका विणीला साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर.

वनरक्षकांनी बोट केलं. दुर्बिणीत आधी नुसतं गवत, मग गवतात एक फिकट खांब, मग खांबाने मान वळवली. काळी टोपी, पांढरी मान, तपकिरी अंग. ती मादी होती. चार पावलं टाकायची, थांबायची, डोकं वर करायची. आम्ही श्वास रोखून होतो.

ती एकटी म्हणजे जगात रानात उरलेल्या तिच्या जातीचा दीडशेवा हिस्सा. माणसांच्या आकड्यात सांगायचं तर आठशे कोटींचा दीडशेवा हिस्सा, सव्वापाच कोटींहून जास्त. एवढी माणसं एका नजरेत मावली असती, तर तो क्षण या क्षणाच्या तोलाचा झाला असता. सूर्य टेकला तेव्हा ती गवताआड गेली.

सगळं संपलं असं मी म्हणणार नाही, कारण माणसं कामाला लागली आहेत. जैसलमेरजवळच्या सम गावात २०१९मध्ये माळढोक प्रजनन केंद्र सुरू झालं, दुसरं रामदेवऱ्याला झालं. रानातून अंडी आणून उबवली, पिल्लं वाढवली. ऑक्टोबर २०२४मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. खीचनच्या कुरजां अशाच बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, तेव्हा कुणीतरी मूठभर दाणे जास्त टाकले होते.

एक

रात्री समच्या वाळूत बसलो होतो. चहाबरोबर जैसलमेरचे घोटुवा लाडू. मावशीने चहाचा चमचा वाळूत बुडवून वर काढला आणि डायरी उघडली. कणाचा व्यास मिलिमीटरचा पाचवा भाग धरला, तर एका चमच्यात सात लाखांच्या आसपास कण. जैसलमेर जिल्ह्याची सगळी माणसं एका चमच्यात मावली. तिने चमचा झटकला, वाळू वाळूत मिळाली आणि कुठे मिळाली तेही दिसेना.

मग तिने दिवसाच्या नोंदी वरून खाली वाचल्या. कुरजां. दशम्या. टांक्याचे लिटर. ३६३. अठरा कोटी. सगळ्यात खाली संध्याकाळची नोंद होती : ‘माळढोक, १.’

ती पुन्हा पहिल्या ओळीवर गेली. ‘साडेसात हजार. शे-दोनशे इकडेतिकडे.’ बराच वेळ तिथेच बघत राहिली. मलाही तेव्हा दिसलं. सकाळी आम्ही ज्या शे-दोनशेंना हिशोबात धरलं नव्हतं, तेवढ्यात जगात रानात उरलेले सगळे माळढोक येतात आणि वर जागा उरते.

मावशीने पेन काढलं. ‘शे-दोनशे इकडेतिकडे’ हे शब्द एका रेघेने खोडले आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं : ‘उद्या पुन्हा जाऊन नीट मोजणे.’